डीआरएल बंद करायला गेले होते, नीट करून आले : उद्यमनगरातल्या कामाचा रिव्ह्यू

ज्यांना सगळं वाचायला वेळ नाही त्यांच्यासाठी आधीच सांगून टाकते. काम एक नंबर झालंय, पैसे वाजवी घेतले, आणि 'गाडीचे डीआरएल बंद करून द्या' म्हटल्यावर मिस्त्रींनी वायर कापून गाडी हातात दिली नाही, हे मला सगळ्यात आवडलं. पाचपैकी चार स्टार. एक का कापला ते पुढं येईलच. दुकानाचं नाव टाकत नाही कारण मिस्त्रींनीच, म्हणजे आमच्या मामांनीच, सांगितलंय, "ताई, नाव नका टाकू, हाय ती गिऱ्हाइकं उरकंनात." कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात कुणालाही विचारा, वायरिंगचा चांगला माणूस कोण ते सांगतील. आणि खरं म्हणजे हे काम करून घेताना काय काय बघायचं ते लोकांना कळावं म्हणून एवढं लांबलचक लिहायला घेतलंय, कारण मी शोधत होते तेव्हा मला मराठीत धड काही सापडलं नव्हतं.

डीआरएल म्हणजे डेटाइम रनिंग लाइट, गाडीच्या पुढं दिवसासुद्धा लागलेल्या असतात त्या पांढऱ्या एलईडीच्या पट्ट्या. रस्ता दिसावा म्हणून त्या नसतातच, आपण समोरच्याला दिसावं म्हणून असतात. त्यामुळं कंपनीच्या डीआरएलचा उजेड मोजूनमापून ठेवलेला असतो, युरोपात चालणाऱ्या नियमात एका दिव्याला समोरून कमीत कमी 400 आणि जास्तीत जास्त 1200 कँडेला (उजेडाच्या तीव्रतेचं माप) असं धरलंय, आणि हेडलाइट लावला की डीआरएल आपोआप बंद तरी झाले पाहिजेत नाहीतर पार्किंग लाइटइतके मंद तरी. माझ्या गाडीचं सगळं दुखणं नेमकं इथंच होतं.

माझी गाडी सेकंडहँड हॅचबॅक. आधीच्या मालकानं बंपरमधे बाहेरनं डीआरएल बसवून घेतलेले, कंपनीचे नव्हेत. घेताना बघायला लई भारी वाटलेलं. मी राहते फुलेवाडीत आणि नोकरी कळ्याला, म्हणजे रोजचा गगनबावडा रस्ता, आणि संध्याकाळी परत येताना अंधार पडलेला असतो. तर व्हायचं असं की मी लो बीमवर, म्हणजे हेडलाइटच्या खालच्या झोतावर असले तरी समोरनं येणारी प्रत्येक दुसरी गाडी डिपर मारायची. मला कळायचं नाही की मी तर लो बीमवरच आहे मग हे लोक चिडतायत कशाला. नवऱ्याला गाडी चालवायला देऊन एकदा मी स्वतः बालिंगा पुलाच्या अलीकडं रस्त्याच्या कडेला उभी राहिले तेव्हा समजलं, हेडलाइट लागलेला असतानासुद्धा ते डीआरएल फुल पॉवरवर, अगदी डोळ्यात घुसणारे. मोटरसायकलवाल्या माणसाला तर समोरचा खड्डाच दिसणार नाही असला उजेड.

दुसरी भानगड इंडिकेटरची. इंडिकेटरचा बल्ब त्या पट्टीच्या अगदी वर, तो पिवळा मिणमिण करतोय आणि खाली ही पांढरी झगझगीत पट्टी, मग समोरच्याला इंडिकेटर दिसणार कसा. उजवीकडं वळायला थांबले की समोरचा निवांत सरळ येत राहायचा. आणि तिसरं म्हणजे गाडी बंद करून चावी काढली तरी पट्ट्या थोडा वेळ तशाच चालू. अपार्टमेंटचे वॉचमन काका रोज मागनं हाक मारायचे, मॅडम लाइट राहिली. पोरीला शाळेतनं घ्यायला गेलं आणि उन्हाचं एसी लावून पाच मिनिटं थांबलं तरी तेच, येणारा जाणारा प्रत्येक जण हाताची मूठ उघडझाप करून दाखवणार, लाइट चालू आहे म्हणून. कोल्हापूरची माणसं ह्या बाबतीत कधीच गप्प बसत नाहीत, आणि ते चांगलंच आहे.

गाडीच्या कागदांत जुनं बिल होतं, त्यावर ज्या ॲक्सेसरीवाल्याचं नाव होतं तिथं आधी गेले. त्यांनी गाडीकडं बघितलंसुद्धा नाही नीट. "काढून टाकू का?" एवढाच प्रश्न. उजेड कमी होईल का विचारलं तर "ते तसंच असतंय". दुसऱ्या एका ठिकाणी तर बॉनेट न उघडताच वायर तोडून देतो म्हणाले, दोन मिनिटांचं काम. तोडून काय मिळणार, बंपरला दोन मेलेल्या पट्ट्या आणि आत कुठंतरी लोंबकळणारी बॅटरीची चालू वायर. म्हणून मग ऑफिसातल्या एका सरांनी सांगितलेल्या ह्या मिस्त्रींकडं गेले.

आता मुख्य काम. मामांनी पहिल्यांदा गाडीला हात न लावता विचारलं, काय होतंय ते सांगा, कधी होतंय, चावी काढल्यावर किती वेळ राहतंय. आणि प्रश्न मी सांगत होते तर उत्तरं मलाच देत होते, शेजारी उभ्या नवऱ्याकडं बघून नाही. बायकांनी हे वाचलं तर त्यांना कळेल मी हे मुद्दाम का लिहितेय. गाडीच्या दुकानात हा अनुभव दुर्मिळ आहे.

मग बॉनेट उघडलं, मीटरच्या पिना बॅटरीला लावल्या. गाडी बंद, 12.6 व्होल्ट. मला म्हणाले स्टार्ट करा. स्टार्ट केली, आकडा चढत चढत 14.2 वर गेला आणि त्याच क्षणी बंपरच्या पट्ट्या लागल्या. "बघा ताई, ही डबी फसवून चालत्या." बॅटरीच्या बाजूला खोचलेली काडेपेटीएवढी काळी डबी काढून दाखवली. ह्या बाहेरच्या डीआरएलच्या मॉड्यूलला इंजिन चालू आहे हे कळायला दुसरा काही मार्ग नसतो, ते फक्त बॅटरीचे व्होल्ट बघतं. अल्टरनेटर, म्हणजे इंजिनावर फिरून वीज तयार करणारा भाग, बॅटरी चार्ज करायला लागला, व्होल्ट 13 च्या वर गेले की ते समजतं गाडी चालू झाली आणि दिवे लावतं. गाडी बंद केली तरी बॅटरीचे व्होल्ट एकदम खाली येत नाहीत, हळूहळू उतरतात, तोपर्यंत दिवे चालूच. वॉचमन काकांच्या रोजच्या हाकेचं कारण हे. आणि ज्या नव्या गाड्यांत अल्टरनेटर गरजेप्रमाणं कमी-जास्त चार्ज करतो त्यात ही असली डबी लावली तर चालता चालता दिवे मधेच जातात-येतात, हेही त्यांनीच सांगितलं.

पण खरी गंमत त्या डबीच्या मागं होती. डबीतनं लाल आणि काळी वायर निघून थेट बॅटरीला गेलेली, मधे फ्यूज नाही, काही नाही. आणि त्याच डबीतनं निघालेली एक पांढरी आणि दोन पिवळ्या वायरी गोल गुंडाळून, वरनं काळी टेप मारून, मागं दडपून ठेवलेल्या. मामांनी ती टेप नखानं सोडवली, चिकट झालेली, धुळीनं माखलेली, आणि वायरींची टोकं बघितली तर कंपनीतनं आली तशी, तांबं चकचकीत, एकदासुद्धा कशाला जोडलेली नाहीत. पांढरी वायर पार्किंग लाइटला जोडायची, म्हणजे लाइट लावली की पट्टी मंद होते. पिवळ्या दोन डाव्या-उजव्या इंडिकेटरला, म्हणजे इंडिकेटर दिला की त्या बाजूची पट्टी पांढरी बंद होऊन पिवळी होते. म्हणजे आधीच्या मालकानं ज्या वस्तूचे पैसे दिले त्यात हे सगळं होतं! बसवणाऱ्यानं दोन वायरी जोडल्या, दिवे लागले, गिऱ्हाईक खूश, आणि उरलेल्या तीन वायरी टेपमधे. मला ते बघून खरंच राग आला. ह्या तीन वायरी जोडायला तासभर लागला असता आणि रोज संध्याकाळी त्या रस्त्यावर समोरनं येणाऱ्या शेकडो लोकांचे डोळे वाचले असते.

जोडणी कशी केली ते सांगते, कारण कुठल्याही मिस्त्रीकडं गेलात तरी हे विचारायला उपयोगी पडेल. लाल वायर बॅटरीवरनं काढून इग्निशनच्या सप्लायवर घेतली, मधे फ्यूज टाकला, म्हणजे चावी बंद की दिवे तिथल्या तिथं बंद. पांढरी पार्किंगला. पिवळ्या इंडिकेटरला. आणि मला जे हवं होतं, थांबल्यावर इंजिन चालू ठेवून दिवे बंद करता यायला हवेत, त्यासाठी मी डॅशबोर्डला एक स्विच मागितला होता. मामा म्हणाले स्विच देतो, पण तुम्ही एकदा बंद केला की परत चालू करायचं विसरणार, सगळेच विसरतात, त्यापेक्षा हँडब्रेकवर देतो. मग पाच पिनांचा रिले, म्हणजे करंट मिळाला की आपोआप पलटणारा स्विच, घातला. त्याची 87ए ही पिन एरवी आतनं जोडलेलीच असते, कॉइलला करंट मिळाला की सुटते. डीआरएलचा सप्लाय त्या पिनेतनं नेला आणि कॉइलचं एक टोक इग्निशनला, दुसरं हँडब्रेकच्या स्विचला. हँडब्रेक ओढला की कॉइलला अर्थिंग मिळतं, रिले टक् करतो, डीआरएल बंद. हँडब्रेक सोडला की परत चालू. डोकं लावायची गरजच नाही. हँडब्रेकच्या वायरीला हात लावायच्या आधी मीटर लावून खात्री केली, कारण काही गाड्यांत ती वायर सरळ कंप्युटरला जाते आणि तिथं असा रिले लावला तर घोळ होतो. माझ्या गाडीत साधा स्विच होता म्हणून चाललं.

सगळ्या जोडण्या सोल्डर करून, वर स्लीव्ह चढवून, गरम करून आवळल्या. नुसतं पिळून टेप मारणं हा प्रकार नाही. हेडलाइटच्या मागच्या बाजूनं वायरी काळ्या नळीतनं नेल्या, इंजिनाच्या गरम भागापासून लांब, आणि क्लिपांनी बांधल्या. मग शटर अर्धं ओढून गाडी त्याच्यासमोर उभी केली आणि एकेक करून दाखवलं. गाडी स्टार्ट, लागले. पार्किंग लाइट, झटकन मंद. डावा इंडिकेटर, डावी पट्टी पिवळी, उजवी पांढरीच. हँडब्रेक, दोन्ही गुल. मंद झालेल्या पट्टीकडं मोबाइलचा कॅमेरा धरायला लावला तर स्क्रीनवर काळे पट्टे सरकताना दिसले. एलईडी मंद करायचे तर ही डबी त्यांना डोळ्याला कळणार नाही इतक्या वेगानं चालू-बंद करत राहते, आपल्याला कमी उजेड दिसतो, कॅमेऱ्याला मात्र पकडता येतं. बिघाड नव्हे, तसंच चालतं ते. म्हणजे नंतर घरी जाऊन व्हिडिओ काढून घाबरू नका.

आता जाताना माझ्या डोक्यात होतं की सरळ बंदच करून टाकावं. आपल्याकडं इतकं ऊन, दिवसा दिवे कशाला, हे मलाही वाटायचं. ह्या दिव्यांची सुरुवात उत्तरेकडच्या देशांत झाली, स्वीडननं 1977 मधे दिवसासुद्धा दिवे लावायची सक्ती केली कारण तिथं हिवाळ्यात दिवस कसला तो नसतोच. कॅनडात डिसेंबर 1989 पासून नव्या गाड्यांना सक्ती, युरोपात फेब्रुवारी 2011 पासून नव्या मॉडेलच्या कारना. आपल्याकडं कारला सक्ती नाही पण दुचाकीला 1 एप्रिल 2017 पासून हेडलाइट कायम चालू, नव्या गाडीला बंद करायचा स्विचच येत नाही. मग मामांना विचारलं की आपल्या उन्हात ह्याचा काय उपयोग. ते म्हणाले, "ताई, तुम्ही कुठल्या रस्त्यानं जाताय? गगनबावडा ना? दिवाळीच्या तोंडावर ऊस केवढा असतोय?"

बास, तेवढ्यावर पटलं मला. त्या रस्त्याला दोन्ही बाजूला ऊस माणसापेक्षा उंच उभा असतो. शेतातल्या वाटेवरनं कुणी मोटरसायकल घेऊन रस्त्यावर येत असेल तर त्याला उसाच्या आडनं फक्त एक फट दिसते आणि त्या फटीतनं येणाऱ्या गाडीचा राखाडी रंग रस्त्यात मिसळून जातो. पांढरा दिवा मात्र दिसतो. झाडांच्या सावल्या पडलेल्या असतात तिथंही तेच, ऊन-सावली ऊन-सावली अशा रस्त्यावर सावलीत शिरलेली गाडी एकदम नाहीशी होते. माझी गाडी राखाडीच आहे. त्यामुळं आता माझं ठाम मत झालंय, डीआरएल बंद करू नका, नीट करा. दिवसा फुल, रात्री मंद, वळताना इंडिकेटरच्या आड नाही, थांबल्यावर बंद. एवढं झालं की कुणाची तक्रार राहत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि हे फक्त माझ्यासारख्या बाहेरनं बसवलेल्यांसाठी नाही, कंपनीचे डीआरएल असलेल्या सगळ्यांसाठी आहे. डीआरएल चालू असताना मागचे दिवे बहुतेक गाड्यांत बंद असतात! मामांनी मला गाडीच्या मागं नेऊन उभं केलं आणि पोराला चावी फिरवायला सांगितली. पुढं लख्ख, मागं काळोख. पावसाळ्यात गगनबावड्याला, करूळ घाटात, आंबा घाटात, आंबोलीला धुकं उतरतं तेव्हा किती गाड्या नुसत्या डीआरएलवर जात असतात आठवून बघा. ड्रायव्हरला पुढं थोडा उजेड दिसतो, आतलं मीटर तर हल्ली कायमच उजळलेलं असतं, मग त्याला वाटतं आपली लाइट चालू आहे. मागनं येणाऱ्या एसटीला तो दिसतच नाही. आणि ऑटो हेडलाइटवर विसंबून राहू नका, तो सेन्सर उजेड बघतो, धुकं बघत नाही, दिवसाचं पांढरं धुकं भरपूर उजेडाचं असतं त्यामुळं त्याला वाटतं सगळं ठीक आहे. धुक्यात, मोठ्या पावसात, हातानं लाइट लावायची, लो बीम, म्हणजे मागचे लाल दिवे लागतात. उसाच्या सीझनला कुडित्र्याच्या साखर कारखान्याकडं निघालेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांना मागं दिवा नसतो म्हणून आपण सगळेच बोंब मारतो, मग आपल्या गाडीचं मागचं टोक अंधारात ठेवून कसं चालेल.

दुसऱ्या वेळी गेले तेव्हा धाकटे दीर बरोबर होते, त्यांची नवी गाडी, कंपनीचे डीआरएल. भाऊजींना ते पूर्ण बंद करून हवे होते कारण पहाटे मार्केट यार्डात माल उतरवताना गाडी चालू ठेवून थांबावं लागतं आणि समोरचे हमाल ओरडतात. मामांनी ती गाडी खोललीच नाही. "साहेब, मॅन्युअल आहे का गाडीत?" ते प्लॅस्टिकच्या पाकिटातनं पहिल्यांदाच बाहेर निघालं. लाइटचं पान काढून भाऊजींना वाचायला दिलं, आणि त्यात लिहिलेलंच होतं, हँडब्रेक लावला की डीआरएल बंद होतात. भाऊजी ऑटोमॅटिक गाडी नुसती पी वर टाकून उभी करायचे, हँडब्रेक ओढायचेच नाहीत. एक पैसा न घेता काम झालं.

सगळ्या गाड्यांत असं असेलच असं नाही. काहींत टचस्क्रीनवर गाडीच्या सेटिंगमधे लाइटच्या भागात डीआरएल चालू-बंदचा पर्याय येतो, काहींत हँडब्रेकवर जातात, काहींत काहीच सोय नसते. म्हणून आधी मॅन्युअल, मग मिस्त्री. स्कॅनर लावून कोडिंगनं बंद करणारेही आहेत, फोक्सवॅगन-स्कोडाच्या गाड्यांत लोक हे बरंच करतात. मामांकडं स्कॅनर आहे पण तो ते फॉल्ट वाचायला वापरतात, गाडीच्या कंप्युटरमधे काही बदलायला नाही. कारण सरळ सांगितलं, एका जागी चुकीचा आकडा गेला तर लाइटच नव्हे, वायपर, लॉक सगळं त्याच मॉड्यूलवर असतं, आणि वॉरंटीतल्या गाडीला तसलं काही करणार नाही. फ्यूज काढायचा सल्लाही बरेच देतात, तो तर ऐकूच नका, त्या एकाच फ्यूजवर बऱ्याचदा दुसरे दिवेही असतात, शिवाय मीटरवर वॉर्निंग येत राहते. हा माणूस काम नाकारतो तेव्हा त्याचं कारण देतो, हे मला पटतं.

भाऊजींना आणखी एक गोष्ट कळली जी मलाही माहीत नव्हती. स्टिअरिंगच्या उजव्या बाजूला खाली 0, 1, 2, 3 लिहिलेलं छोटं चाक असतं ते कशाला असतं? बऱ्याच जणांनी आयुष्यात ते फिरवलेलं नसतं. मागं माणसं बसली, डिकीत माल भरला की गाडीचं तोंड वर होतं आणि लो बीम समोरच्याच्या डोळ्यात जातो. ते चाक 0 वरनं वरच्या आकड्यावर नेलं की हेडलाइटचा झोत खाली येतो. भाऊजी भाजीची क्रेट भरून 0 वरच फिरत होते. मामांनी शटरवरच दाखवलं, उजेडाची वरची कड हातभर खाली आली. डीआरएलवर ह्याचा परिणाम होत नाही, पण रात्रीच्या निम्म्या डिपरबाजीचं उत्तर त्या चाकात आहे.

कायद्याचं थोडक्यात. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणं गाडी कंपनीनं दिली त्यापेक्षा वेगळी करता येत नाही आणि जानेवारी 2019 मधे सुप्रीम कोर्टानंही तेच उचलून धरलंय. पुढं लाल दिवा दाखवणं तर नियमात सरळ मना आहे. त्यामुळं बाजारात निळ्या-लाल-रंग बदलणाऱ्या पट्ट्या मिळतात म्हणून लावू नका. मामा त्या बसवत नाहीत. आमच्यासमोरच एक कॉलेजचा पोरगा तसली पट्टी घेऊन आला होता, त्याला "भावा, ही घरात गणपतीम्होरं लाव, लई भारी दिसंल" म्हणून परत पाठवला. पोरगा थोडा नाराज झाला पण गेला.

आता पैसे आणि बाकीचं. माझ्या कामाचे रिले, फ्यूज, वायर, मजुरी धरून साडेआठशे झाले. आधी आठशे-नऊशे सांगितले होते, तेवढेच लागले. जीपे चालतं. कागदावर हातानं लिहिलेलं बिल दिलं आणि त्याच्या मागं जोडणीचं चित्र काढून दिलं, कुठल्या रंगाची वायर कुठं गेली, फ्यूज कुठं आहे. ते चित्र मी गाडीच्या कागदांतच ठेवलंय. पुढं कुणी दुसऱ्या मिस्त्रीनं बॉनेट उघडलं तर त्याला अंदाजानं वायरी ओढायची गरज नाही. एवढं कुणी देत नाही हो, मी तरी बघितलेलं नाही.

तक्रारी पण आहेत. वेळेचं गणित अजिबात नाही. दोन तास सांगितले आणि दुपार गेली, कारण मधेच एक मालवाहू टेम्पो स्टार्ट होत नव्हता म्हणून आला आणि मामा त्याच्यात गुंतले. त्याचा माल खराब होणार होता हे खरं, पण मला तसं एका शब्दानं सांगितलं असतं तर मी राजारामपुरीत जाऊन माझी कामं उरकून आले असते. बसायला जागा नाही, एक प्लॅस्टिकचा स्टूल आहे त्यावर बॅटऱ्या ठेवलेल्या. गाडी लावायला जागा शोधावी लागते, गल्ली अरुंद आणि लेथवाल्यांचे टेम्पो सारखे आत-बाहेर. फोन उचलत नाहीत, हात ग्रीसमधे असतो हे मान्य, पण संध्याकाळी तरी परत करावा. लेकीला घेऊन जाऊ नका, उन्हात कंटाळतात पोरं.

जाणार असाल तर सकाळी दुकान उघडतानाच जा, इंजिन थंड असतं, हात घालता येतो. मॅन्युअल गाडीत ठेवा. बाहेरनं बसवलेले डीआरएल असतील तर पहिला प्रश्न हाच विचारा, ह्याच्या सगळ्या वायरी जोडल्यात का. नवीन बसवून घेणार असाल तर पैसे द्यायच्या आधी दुकानासमोरच लाइट लावून बघा पट्टी मंद होते का, इंडिकेटर देऊन बघा, चावी काढून बघा. तिन्हीतलं एक जरी होत नसेल तर गाडी तिथनं हलवू नका.

काम झाल्यापासून गगनबावडा रस्त्यावर मला फारसा कुणी डिपर मारलेला नाही, कधीतरी एखादा मारतो तो मारतोच, पण आधीसारखं रांगेनं नाही. कळ्याच्या अलीकडं वळायला थांबले की समोरचा आता वेग कमी करतो. फक्त डाव्या पट्टीच्या आत थोडं पाणी गेलंय, काचेच्या आतनं वाफ धरल्यासारखं दिसतं, ते मामांच्या नजरेला मी आणून दिलं तेव्हा कळलं, त्यांनी स्वतः बघितलं नव्हतं. आता पाऊस संपल्यावर पट्टी काढून, वाळवून, कडेनं सिलिकॉन भरून देतो म्हणालेत. ते पाणी आणि ती वाट बघण्यात गेलेली दुपार मिळून एक स्टार कापलाय. पट्टी दुरुस्त झाली की येऊन इथंच लिहिते, तो स्टार परत द्यायचा का ते तेव्हा बघू.